दोन गल्ल्यांवरचं प्रस्थान

नकुल भुसारीनं आयुष्यात एकही ट्रिप अर्धवट नियोजन करून रद्द केली नव्हती. पूर्ण नियोजन करूनच केली होती.

याचा लेखी पुरावा लंडनच्या हाउन्सलोतल्या त्याच्या घरी फ्रिजवर चिकटवलेला होता. आठ वर्षांच्या ईशानीनं, म्हणजे त्याच्या थोरलीनं, वहीचं पान फाडून यादी केली होती. वर मथळा 'बाबाज् ट्रिप्स'. खाली लेक डिस्ट्रिक्ट, कॉर्नवॉल, आइल ऑफ वाइट, लॅपलंड आणि पुन्हा एकदा लेक डिस्ट्रिक्ट. सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं, सगळ्यावर काट. "पेन्सिलीनं का गं?" असं नकुलनं एकदा कौतुकानं विचारलं होतं.

"कारण पेननी लिहिलं की खोडता येत नाही," ईशानी म्हणाली.

शाळेत शिकवलं असेल, असं समजून बापाला आनंद झाला. अर्थ दोन दिवसांनी लागला, ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसलेला असताना, आणि मग उरलेली मीटिंग काही त्याच्या डोक्यात शिरली नाही.

यादीतली सहावी ओळ होती 'आउटबॅक'. ईशानीच्या वर्गात त्या टर्मला ऑस्ट्रेलिया शिकवत होते. लाल माती, शेकडो मैल चिटपाखरू नाही, आणि त्यातून कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, गाडीमागे ओढत निघालेली हसरी कुटुंबं. जेवताना तिनं विचारलं, "बाबा, आपण जायचं?" नकुल वरणभात कालवता कालवता म्हणाला, "जाऊ की." माणसानं तोंडात घास असताना बोलू नये म्हणतात ते काही उगीच नाही.

नकुल प्रोजेक्ट मॅनेजर होता. नागपूरहून पुणं, पुण्याहून लंडन, असा त्याचा सगळा प्रवास एक्सेलच्या जोरावर झाला होता. त्यानं लगेच शीट उघडली. आठवड्याभरात तिला तेवीस टॅब झाले. त्यात 'पाणी', 'साप', 'टायर' आणि 'वीर – शी' असे स्वतंत्र विभाग होते (वीर हा धाकटा, वय वर्षं चार, आणि हा विषय तसा गंभीरच होता). पण सहा आठवडे रजा मागताच मॅनेजरीणबाई इतक्या प्रेमानं हसल्या, की ऑस्ट्रेलिया तिथंच संपला. मग सहाचे दोन आठवडे झाले आणि ऑस्ट्रेलियाचा झाला स्कॉटलंड. "अगं, वर उत्तरेला कुणीच राहत नाही," नकुलनं लेकीला समजावलं. "मैलोन् मैल काही नाही. म्हणजे आउटबॅकच. फक्त ओला."

"आणि साप?"

"सापांऐवजी चावऱ्या माश्या असतात."

ईशानीनं विचार केला आणि मान्य केलं. एवढंच नाही, दुसऱ्या दिवशी तिनं सगळ्या वर्गासमोर उभं राहून जाहीर केलं, की सुट्टी लागली की आम्ही कॅरव्हॅन घेऊन स्कॉटिश आउटबॅकला चाललो. घरच्या फ्रिजवरची नामुष्की वेगळी आणि तीस पोरांसमोरची वेगळी. नकुलनं मनाशी गाठ बांधली, की काहीही होवो, ही ओळ खोडू द्यायची नाही.

कॅरव्हॅन जवळच्याच स्लाऊ गावातल्या एका निवृत्त गोऱ्या जोडप्याकडून सेकंडहँड घेतली. चार जणांची, साधारण चहाच्या रंगाची, आणि आत दुसऱ्या कुणाच्या तरी कुत्र्याचा वास. तो म्हातारा भला. त्यानंच ती ओढत आणून, एका झटक्यात रिव्हर्स घेऊन, नकुलच्या ड्राइव्हवर लावून दिली. त्यामुळे कॅरव्हॅन मागे घेणं हे सोपं काम असतं, असा नकुलचा समज झाला. नकुलच्या गाडीला मागे टो-बार, म्हणजे ओढायचा हुक, आधीपासूनच होता. आधीच्या मालकानं बसवलेला. शीटमध्ये 'गाडी ओढू शकते का?' अशी एक चौकट होती. तिच्यापुढे नकुलनं पिवळा रंग देऊन लिहिलं होतं, 'पाहणे – नकुल'. हुक दिसतोय म्हटल्यावर काय पाहायचं, म्हणून ते राहिलं.

शेजारच्या मिसेस व्हिटकम कुंपणावरून म्हणाल्या, "किती छान! माझी मुळीच तक्रार नाही हं." नकुलला बरं वाटलं. तेरा वर्षं या देशात काढूनही त्याला हे कळलं नव्हतं, की 'माझी तक्रार नाही' हीच इथली तक्रार. नागपुरात शेजारी भांडला असता, चार शब्द वाजले असते, संध्याकाळी त्याच्याच घरी चहा झाला असता. इथं पाचव्या दिवशी पत्र आलं. वसाहतीच्या मॅनेजमेंट कंपनीचं. घराच्या कागदपत्रांतल्या कलम चौदाप्रमाणे आवारात कॅरव्हॅन, होडी किंवा कोंबड्या ठेवता येत नाहीत. कृपया सात दिवसांत हलवावे. नकुलनं पत्र दोनदा वाचलं. "निदान कोंबड्या तरी नाहीत आपल्याकडे," तो म्हणाला. ऋजुता, म्हणजे त्याची बायको, काही बोलली नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली होती.

त्याच संध्याकाळी नागपूरहून आईचा व्हिडिओ कॉल.

"कधी निघता रे?" लीलावतीबाईंनी पंचांग मांडीवर घेऊनच विचारलं.

"शनिवारी सकाळी. शुक्रवारी शाळा सुटते."

"शनिवारी? अरे, अमावास्या आहे बाप्पा शनिवारी! लेकरांना घेऊन अमावास्येला निघते का कोणी?"

"आई, आधी निघालो तर शाळा दंड करते."

"मग प्रस्थान ठेव."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगायला हवं. निघायच्या दिवशी मुहूर्त नसेल, तर आदल्या चांगल्या मुहूर्तावर थोडं सामान, मूठभर तांदूळ, सुपारी, असं फडक्यात बांधून जायच्या दिशेला दुसऱ्या कुणाच्या घरी नेऊन ठेवतात. म्हणजे प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात. मग तीन दिवसांच्या आत कधीही निघा. अट एकच, ठेवलेलं सामान माघारी घरी आणायचं नाही. आईचा मुहूर्त होता गुरुवारी सकाळी आठ चाळीस, लंडनची वेळ, गुरुजींकडून फरक वजा करून घेतलेली.

नकुलचा या गोष्टींवर विश्वास नव्हता. पण दोन अडचणी एका दगडात मरत असतील तर तो दगड सोडणारा माणूसही तो नव्हता. सुपारी कशाला, अख्खी कॅरव्हॅनच प्रस्थान म्हणून ठेवू! दोन गल्ल्या पलीकडे, मोबाइलच्या होकायंत्राप्रमाणे बरोबर उत्तरेला, मोहनकाका राहत होते. त्यांचं घर जुनं, कलम चौदा नसलेलं, आणि बाजूला ऐसपैस जागा. आईही खूश, मॅनेजमेंट कंपनीही खूश. नकुल स्वतःवर इतका खूश झाला, की त्यानं शीटला चोविसावा टॅब जोडला.

मोहनकाका बहात्तर वर्षांचे. तेहेतीस वर्षं त्यांनी हीथ्रोवर टग चालवला, म्हणजे विमानाला गेटपासून मागे ढकलत नेणारी ती बुटकी गाडी. जगातलं काहीही त्यांना रिव्हर्स घेता येत असे, फक्त सुरू झालेलं बोलणं सोडून. त्यामुळे तिथल्या मराठी मंडळातले लोक त्यांना काही विचारायच्या आधी घड्याळ बघत. नकुलनं फोनवर जागेपुरतं विचारलं.

"ये की! ट्रेलर तेवढा हलवतो," काका म्हणाले.

हा ट्रेलर म्हणजे मंडळाच्या ढोल-ताशा पथकाचा. दर गणपतीला काका आपल्या जुन्या सातसीटी डिझेल गाडीला तो जोडून ढोल पोचवत. मागच्या सप्टेंबरात त्यात सात ढोल नकुलनंच चढवले होते आणि आठ दिवस कंबर धरून हिंडला होता. बुधवारी संध्याकाळी काकांनी त्याच्या डोळ्यांदेखत ट्रेलर गाडीला अडकवला आणि मागल्या बाजूला नेऊन लावला. नकुल तिथं उभा राहून "थोडं डावीकडे, काका" असं मार्गदर्शनही करत होता.

"नकुल, एक विचारू?" काका खाली उतरून म्हणाले. "तुझी ती गाडी..."

"काका, सगळं प्लॅनमध्ये आहे," नकुल म्हणाला, कारण त्यानं घड्याळ बघितलं होतं.

गुरुवारी आठ चाळीस म्हणजे सगळ्या हाउन्सलोतल्या आया पोरांना शाळेत सोडायला निघतात तो नेमका क्षण. गुरुजींना हे कुठून माहीत असणार! नकुलनं कॅरव्हॅन जोडली, गणपतीचं नाव घेतलं आणि रस्त्यावर आला. पुढच्या वळणावर समोरून डबलडेकर. ना पुढे, ना मागे. ऋजुता मुलांना शाळेत सोडून चालत परत आली तेव्हा तो पहिल्याच गल्लीच्या तोंडाशी होता. "जाऊन आले मी," ती खिडकीशी वाकून म्हणाली. बोलली एवढंच, पण ते पुष्कळ झालं.

काकांच्या दारात तर सोहळाच होता. नंदाकाकू ओवाळायला ताट घेऊन उभ्या. काका निवृत्तीच्या वेळी आणलेल्या दोन केशरी दिव्यांच्या कांड्या हातात घेऊन, विमानाला खुणा करतात तशा खुणा करत होते. त्या खुणा वैमानिकाला कळतात. नकुलला कळेनात. त्यानं स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की कॅरव्हॅन उजवीकडे जाई, उजवीकडे फिरवलं की मिसेस कुणाच्या तरी गुलाबात. त्या बाईसुद्धा बाहेर येऊन "माझी मुळीच तक्रार नाही" म्हणाल्या. नकुलच्या अंगावर काटा आला.

शेवटी कॅरव्हॅन सोडवून हातांनी ढकलायचं ठरलं. दोन गोरे शेजारी, पार्सल टाकायला आलेला एक माणूस, ऋजुता, नकुल. काकांनी "बोला, गणपतीबाप्पा" म्हटलं, आणि काय म्हणायचं ते माहीत नसताना त्या तिघांनी मोठ्यांदा "येस!" म्हणून जोर लावला. कॅरव्हॅन आत गेली. नऊ पंचवीस झाले होते.

"काहीतरी जळतंय का हो, काकू?" नकुलनं घाम पुसत विचारलं.

"माझा गॅस अजून पेटलाच नाही," नंदाकाकू म्हणाल्या.

"नकुल," काका त्याच्या गाडीच्या बॉनेटकडे बघत म्हणाले, "मी काय म्हणतो..."

"प्लॅनमध्ये आहे, काका."

पण वास गाडीचाच होता. शुक्रवारी दुपारी गॅरेजमधला तरुण मेकॅनिक तिच्याखाली शिरला, बाहेर आला, गाडीच्या दारातली वजनाची छोटी पाटी वाचली, आणि डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात त्या आवाजात म्हणाला, की सर, गाडी सुंदर आहे. पण ही ओढायची गाडीच नाही. मागचा हुक सायकली लावायला आहे. तीन सायकली. चौथीसुद्धा नको.

म्हणजे तेवीस टॅब, सापांचा विभाग, वीरच्या शीचा विभाग, आणि बाराशे किलोची कॅरव्हॅन तीन सायकलींच्या हुकावर. पिवळी चौकट नकुलच्या डोळ्यांपुढे नाचायला लागली. त्यानं ओढू शकणारी गाडी भाड्यानं मिळते का पाहिलं. सुट्टीच्या पहिल्या वीकेंडला एक मिळत होती, इन्व्हर्नेसमध्ये. म्हणजे गाडी स्कॉटलंडला आणि कॅरव्हॅन हाउन्सलोला.

शनिवारी सकाळी मुलं बूट घालून जिन्यावर बसलेली. नकुल म्हणाला, "गाडीचं छोटंसं काम निघालंय. उद्या निघू."

वीरनं भोकाड पसरलं. त्याचं काही वाटलं नाही, तो केळं मोडलं तरी रडायचा. पण ईशानीचं तसं नव्हतं. ती उठली, बूट काढून जागेवर ठेवले, वर गेली. नकुल मागोमाग गेला. दारातून त्यानं पाहिलं, ती आपली पाठीवरची बॅग रिकामी करत होती. पोहण्याचा ड्रेस परत खणात, टॉर्च परत कपाटात, माश्यांपासून बचावाची जाळीची टोपी घडी घालून टेबलावर. कशी नीट, सवयीनं. ही पोरगी रडली असती, भांडली असती, तर नकुलला सोसलं असतं. तो बाथरूममध्ये जाऊन उगीचच नळ सोडून उभा राहिला.

"काकांना विचार," ऋजुता बाहेरून म्हणाली.

"काय विचारू?"

"नकुल, त्यांच्याकडे गाडी आहे. हुक आहे. बुधवारी तू त्यांना थोडं डावीकडे घ्यायला सांगत होतास."

हे नकुलला शुक्रवारपासून ठाऊक होतं. तिथंच तर घोडं पेंड खात होतं. दोनदा ज्या माणसाला आपण 'प्लॅनमध्ये आहे' म्हणून गप्प केलं, त्याच्या दारात जाऊन काय तोंडानं म्हणायचं, की काका, प्लॅनमध्ये नव्हतं? त्यानं दिवसभर आणखी तीन कंपन्यांना फोन केले. एकीनं चाळीस मिनिटं संगीत ऐकवलं. संध्याकाळी आईचा मेसेज आला: 'उद्या ८.४० ला तीन दिवस पूर्ण. निघाले का?' नकुलनं त्यावर नुसता अंगठा पाठवला. अंगठ्याचा अर्थ काहीही होतो.

रविवारी सकाळी साडेसातला तो पाणी प्यायला खाली आला. फ्रिजवर यादी होती. सहाव्या ओळीवर अजून काट नव्हती, पण पेन्सिल तिथंच, चुंबकाच्या डब्यात, टोक करून ठेवलेली होती.

तो चपला घालून निघाला. दोन गल्ल्या तो पळाला म्हटलं तरी चालेल.

मोहनकाकांनी दार उघडलं. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायात बूट.

"काका," नकुल एका दमात म्हणाला, "माझी गाडी ती ओढू शकत नाही. मी बघितलंच नव्हतं. तुम्ही दोनदा सांगत होतात, मी ऐकलं नाही. तुमची गाडी मिळेल का? आठ चाळीसच्या आत?"

काका थोडा वेळ काही बोलले नाहीत. मंडळाच्या इतिहासात याची नोंद नाही.

"गाडी नुसती मिळणार नाही," ते म्हणाले. "इन्शुरन्स माझ्या एकट्याच्या नावावर आहे. मला यावं लागेल. आणि मी आलो की ही येणार."

आतून नंदाकाकू आल्या, खांद्याला पर्स आणि हातात डबा. "दशम्या शुक्रवारीच केल्या होत्या मी," त्या म्हणाल्या. "तू काही आला नाहीस, मग आम्हीच खाल्ल्या. ह्या आजच्या आहेत."

"तुम्हाला माहीत होतं?"

"अरे, जळका वास मला नाही येत होय?" काका म्हणाले. "पण विचारल्याशिवाय सल्ला देऊ नये आणि मागितल्याशिवाय गाडी देऊ नये. पहिलं मला जमत नाही, म्हणून दुसरं पाळतो." मग जरा थांबून, चावी हातात खेळवत म्हणाले, "तेहेतीस वर्षं लोकांना गेटपासून मागे ढकललं रे. ते जायचे, मी परत यायचो. मला कुणी 'चला' म्हटलंच नाही कधी."

आपण जागा मागायला फोन केला तेव्हा घड्याळ बघत होतो, हे नकुलला आठवलं आणि स्वतःची खरंच लाज वाटली. "चला ना, काका," तो म्हणाला.

पुढचं सगळं विमानतळाच्या शिस्तीत झालं. काकांनी पहिल्याच खेपेत कॅरव्हॅन जोडली. दिवे तपासले. आतलं वजन हातानं अंदाजून, ऋजुतानं भरलेल्या लोणच्याच्या चार बरण्यांपैकी तीन बाहेर काढल्या. ऋजुता मुलांना घेऊन आली. ईशानी बॅग भरून आली होती, पण हसत नव्हती. ती या प्रकरणाकडे अजून पुराव्याअभावी संशयानं बघत होती. झोपायची व्यवस्थाही काकूंनी ठरवली. कॅरव्हॅनमध्ये काका-काकू, ऋजुता आणि मुलं. नकुल बाहेर, पुढच्या तंबूत, डब्यांच्या राखणीला.

गाडीत पुढे काका-काकू, मध्ये ऋजुता आणि दोन्ही मुलं, आणि सर्वांत मागे, घडीच्या चिमुकल्या सीटवर, गुडघे हनुवटीला लावून, मांडीवर प्लॅस्टिकच्या खिशांची फाइल घेऊन, या मोहिमेचा प्रोजेक्ट मॅनेजर.

आठ सदतीसला गाडी हलली. त्याच वेळी आईचा फोन.

"निघालो आई! मुहूर्तात!"

"तूच चालवून राहिला का?"

"नाही, मोहनकाका चालवताहेत."

"अगं बाई!" लीलावतीबाईंचा आवाज एकदम मोकळा झाला. "मग आधी नाही का सांगायचं? तू चालवणार म्हणून मुहूर्त काढला होता रे मी."

गाडीत सगळ्यांना ऐकू गेलं. काकू पदर तोंडाला लावून हसल्या. काकांनी सभ्यपणे आरसा बघितला.

मोटरवे लागला. मागे चहाच्या रंगाची कॅरव्हॅन गुमान येत होती. नकुलला मान वळवली की तिचा पुढचा दिवाच दिसायचा. एवढ्यात ईशानीनं खिशातून घडी घातलेला कागद काढला. फ्रिजवरून सोडवून आणलेला.

"बाबा, पेन आहे?"

नकुलच्या फाइलमध्ये मुक्कामांच्या पावत्या होत्या, नकाशे होते, सापांवरची दोन पानं चुकून राहिली होती. पेन नव्हतं. काकांनी रस्त्यावरची नजर न काढता शर्टाच्या खिशातलं पेन काढून मागे दिलं.

ईशानी बराच वेळ लिहीत होती. आधी तिनं मथळ्यातलं 'बाबाज्' खोडलं आणि त्यावर लिहिलं, 'मोहन आजोबाज्'. मग सहावी ओळ पेन्सिलीवरून गिरवून पक्की केली.

"अगं, पण प्लॅन कुणी केला?" मागून नकुल कळवळून म्हणाला. "तेवीस टॅब! चोवीस!"

ईशानीनं विचार केला. पोरगी न्यायी होती. तिनं खाली आणखी एक छोटी ओळ लिहिली आणि कागद सीटवरून मागे दिला. 'आउटबॅक'च्या खाली, कंसात, निळ्या शाईत लिहिलं होतं: सामान – बाबा.

नकुलनं ते दोनदा वाचलं.

"पेननं लिहिलंयस," तो म्हणाला.

"हो," ईशानी मागे वळून म्हणाली, आणि कालपासून पहिल्यांदा हसली. "आता खोडता नाही येणार."

नकुलनं फाइलच्या पहिल्या खिशातून दोन आठवड्यांचा कार्यक्रम काढून वीरला चित्र काढायला दिला, आणि त्या जागी हा कागद सरकवला.